आफ्रिकेला वळसा घालून गेलेला हुरडा

आज सकाळी दार उघडलं तर पायरीवर ओल्या गोणपाटात गुंडाळलेलं एक ओझं होतं. पिशोरहून शहरात दूध आणणारा टेम्पो ते ठेवून गेला होता. गोणपाट सोडलं आणि ज्वारीच्या कोवळ्या कणसांचा वास आला. हिरवा, किंचित गोड, गवतावर दूध सांडल्यासारखा. तुमचे आजोबा आतून म्हणाले, "आला का माल?" आणि माकडटोपीसकट बाहेर आले. त्यांनी एक दाणा नखाने दाबला. पांढरं दूध आलं. मग ते तिथेच खुर्चीवर बसून राहिले, कणीस हातात घेऊन, आलेल्या पाहुण्याचा हात धरून बसावं तसे.

जाई आणि अद्वैत, हे मी तुमच्यासाठी लिहिते आहे. आई वाचून दाखवेलच, पण आधी जाईने स्वतः अडखळत वाचावं, एवढी माझी अट.

हुरडा म्हणजे ज्वारीच. पण शाळेत जायच्या आधीची ज्वारी. दाणा भरलेला असतो, पण अजून शहाणा झालेला नसतो. आत पीठ नसतं, दूध असतं. थंडी पडली, की थोडेच दिवस तो असा राहतो. पुढच्या आठवड्यात बघू म्हणालात, की दाणा दाताला लागतो आणि मग त्याची भाकरीच करायची. म्हणून हुरड्याचं बोलावणं लग्नासारखं महिनाभर आधी येत नाही. "उद्या या" एवढंच येतं. मी विमा कंपनीच्या कार्यालयात सगळी नोकरी इंग्रजी पत्रव्यवहारात घालवली. माझ्या फ्रिजमधल्या डब्यांवरसुद्धा चिठ्ठ्या असतात. अशा बाईला "उद्या या" म्हणणारं पीक मानवायला बरीच वर्षं लागली.

लग्नानंतरच्या पहिल्या हिवाळ्यात मी पिशोरला गेले होते. वत्सलावन्सं, म्हणजे तुमच्या आजोबांची थोरली बहीण, तिथेच दिलेली. त्यांच्या रानात बोरीखाली गोवऱ्यांचा विस्तव केला होता. त्या खड्ड्यातल्या विस्तवाला आगटी म्हणतात. त्यात कणसं खुपसली की हिरवी साल तडतडते, धूर पांढरा होतो आणि मग एकाएकी गोड वास सुटतो. भाजलेलं कणीस बाहेर काढायचं, दोन्ही तळहातांत धरून चोळायचं, फुंकर मारून फोलपट उडवायचं आणि राहिलेले गरम, मऊ, हिरवे दाणे दुसऱ्याच्या ओंजळीत टाकायचे. स्वतःसाठी कोणी चोळत नाही. चोळणारा चोळत राहतो, खाणारा खात राहतो, आणि मग अदलाबदल होते. सोबत तिळाची चटणी, गूळ, घट्ट दही, टोपलीभर बोरं. तळहात काळे, ओठ काळे.

मी, कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली मुलगी, नव्या साडीत, हात पुढे करण्याऐवजी विचारलं, "चमचा मिळेल का?"

वन्सं ही गोष्ट आजही सांगतात. बारशाला सांगतात, साखरपुड्याला सांगतात. मागच्या वर्षी बँकेतल्या साहेबांनासुद्धा सांगितली.

तर अशा या हुरड्याला जहाजात बसवायचं, हे गेल्या वर्षी पहिल्यांदा कानावर आलं ते आमच्या जेवणाच्या टेबलावर. सुनंदा आली होती. सुनंदा म्हणजे वन्संची सून, भास्करची बायको. ती मला मामी म्हणते.

"मामी, मी हुरडा बोटीनं पाठवायचा म्हणते."

आजोबांनी वर्तमानपत्र खाली केलं. "बोटीनं? कुठं, पैठणला?"

"लांब, मामा. मृणालताईच्या गावाला." म्हणजे तुमच्या आईच्या, तुमच्याच गावाला.

तिने सगळं विचारून ठेवलं होतं. एका कृषी प्रदर्शनात तिला मुंबईचे एक निर्यातदार भेटले होते. ते गोठवलेलं खाणं जहाजाने बाहेर पाठवतात. पुरणपोळ्या, भेंडी, तुरीचे हिरवे दाणे, असं बरंच काही. हुरडा कधी पाठवला नव्हता. नमुना पाठवा म्हणाले. पसंत पडला तर रॉटरडॅमच्या, म्हणजे तुमच्याकडच्या बंदराच्या, कंटेनरमध्ये एक कोपरा देतो म्हणाले.

"आणि भास्कर काय म्हणतो?" मी विचारलं.

सुनंदाने पाण्याचा पेला फिरवला. "त्यांचं काय चुकतं असं नाय, मामी. समद्यांच्या रानात आलं लागलंय. आपल्याच विहिरीकडच्या तुकड्यात ज्वारी. ते म्हणतात, एवढं एक साल घे. तिकडं हुरडा चालला तर तुकडा तुझा. नाय चालला तर उन्हाळ्यात आल्याचं बेणं आणतो."

आलं म्हणजे तुमच्या चहातलं आलं. पिशोरकडे ते फार चांगलं येतं, आणि भास्कर काही हट्टी माणूस नाही. पण त्या तुकड्यात वन्संची गूळभेंडी होती. ही हुरड्याची खास ज्वारी. चोळली की फोलपट चटकन सुटतं आणि दाणा गुळासारखा लागतो. त्यांच्या सासूबाईंपासून बी दर वर्षी राखेत घालून ठेवलेलं. बी ठेवून ठेवून किती ठेवणार; पेरलं नाही तर दोन-तीन सालांत त्यातला जीव जातो. तेव्हा प्रश्न नुसता एका तुकड्याचा नव्हता. सुनंदाला ती ज्वारी रानात ठेवायची होती, आणि त्यासाठी हुरड्याने समुद्र ओलांडून खाण्यासारखं राहायला हवं होतं.

"तुमचं इंग्रजी पायजे, मामी," सुनंदा म्हणाली. "पुड्यावर लिहायला. त्यांना काय ठावं हे कसं खायचं."

मी त्याच दुपारी लिहायला बसले. 'तव्यावर झाकण ठेवून मंद आचेवर गरम करा' इथपर्यंत सोपं होतं. पुढे 'दुसऱ्या कोणाला तरी ओंजळीत द्या' हे लिहावं का, यावर मी संध्याकाळपर्यंत अडले. शेवटी लिहिलं. निर्यातदारांनी ते खोडलं.

पहिला नमुना अगदी नियमाने झाला. निर्यातदारांनी सांगितलं, गोवरीचा धूर बाहेरच्या देशात चालणार नाही. मग शेंद्र्याला, जिथे कारखान्यांच्या वसाहतीत शीतगृह आहे, तिथल्या यंत्रात कणसं वाफवली. दाणे छान हिरवे, गोल, एकसारखे. मला ते पाहूनच बरं वाटलं. वन्संनी चार दाणे तोंडात टाकले आणि बराच वेळ चावत राहिल्या.

"कसा आहे?" मी विचारलं.

"गुरांना आवडंल."

तेव्हा धूर तर हवा, पण गोवरीचा नको. हे कोडं सोडवायला पुढचे कितीतरी दिवस गेले आणि ते दिवस मला फार आवडले. बरं की सुनंदाने तुकडा टप्प्याटप्प्याने पेरला होता, म्हणून कोवळी कणसं मिळत राहिली. भास्करने कडुनिंबाच्या काटक्या आणल्या. हुरडा कडू झाला. आजोबांनी आमच्या गच्चीवर कोळशाची शेगडी पेटवली. सगळ्याला रेल्वे स्टेशनचा वास आला. मग सुनंदाने तुराट्या पेटवल्या. तूर निघाली की तिच्या वाळक्या काड्या बांधावर पडून असतात, चुलीला वापरतात. त्यांचा जाळ झटकन होतो आणि निखारा स्वच्छ पडतो. वर जाळी ठेवून कणसं भाजली आणि पहिल्या घासाला वन्संनी डोळे मिटले. मग ओंजळ पुन्हा पुढे केली.

मोठी जाळी आणायला मी शहागंजच्या बाजारात गेले. तिथल्या दुकानदाराने मला खालपासून वरपर्यंत पाहिलं.

"कौनसी जाली होना, खाला? कबाब की?"

"नाही हो, ज्वारी भाजायची आहे. जहाजातून पाठवायला."

त्याने आत बसलेल्या वडिलांकडे वळून सांगितलं, "अब्बा, ज्वार जहाज में जा रई." आतून आवाज आला, "जाने दे, तू नाप पूछ." मग दोघांनी मिळून मला अशी जाळी दिली, की ती अजूनही तशीच सरळ आहे, कुठे झोळ नाही. निघताना ते म्हातारे अब्बा म्हणाले, त्यांची आई विस्तवात हीच कणसं भाजायची, वर मीठ-मिरची लावून. जाळीबरोबर त्यांनी मला तीही पाककृती दिली.

निर्यातदारांना नमुना पसंत पडला. आता फक्त हातमोज्यांचं भांडण उरलं. पिशोरच्या ज्या बाया चोळायला येणार होत्या, त्यांना पांढरे हातमोजे आणि डोक्याला टोप्या आल्या होत्या. एक बाई म्हणाली, "हे घालून हुरडा चोळायचा म्हणजे छत्री घेऊन अंघोळ करायची." दुसरी म्हणाली, "टोपी राहू द्या, फोटोत डाक्टरीण दिसते मी." सुनंदाने सगळ्यांचा फोटो काढला. तो अजून तिच्या फोनवर आहे. सगळ्या डाक्टरणी हसत आहेत.

मी कामाची आखणी करून दिली होती. कणसं कोणी खुडायची, भाजायला कोण, चोळायला कोण, पाखडायला कोण, बर्फाच्या पेट्यांचा टेम्पो कधी निघायचा. कंटेनरचा दिवस ठरलेला होता. जहाज कोणासाठी थांबत नाही. आणि कणसंही थांबत नाहीत. या दोघांच्या मधल्या अरुंद फटीतून आम्हाला जायचं होतं.

ठरल्या दिवशी आम्ही सकाळीच पिशोरला पोचलो. लांबूनच मला दिसलं, की रानातून एकाऐवजी दोन धूर निघत आहेत. एक विहिरीजवळ, तिथे जाळी, तुराट्या, डाक्टरणी, सगळं आखणीप्रमाणे. दुसरा बोरीखाली. तिथे जुन्या पद्धतीची आगटी, आणि भोवती सगळी गल्ली मांडी घालून बसलेली. दह्याची गाडगी, चटण्यांच्या वाट्या, कोणाच्या तरी मांडीवर तान्हं मूल. मधोमध वन्सं, कोपरापर्यंत काळ्या.

"वन्सं, हे काय?"

"हुरडा."

"तो मला दिसतोय. ही माणसं?"

"हुरड्याची माणसं." त्यांनी एक कणीस उलटं केलं. "वहिनी, या रानातला पहिला हुरडा गावानं खाल्ल्याबिगर एक दाणा कधी भाईर गेला नाय. आता बोटीत बसवून लांब धाडायचा अन् शेजारच्याला इचारायचं बी नाय?"

सुनंदा धावत आली. हातात हातमोजे, डोक्यावर टोपी. "आई, मोजून कणसं होती ती."

"मग मोजली कशाला?" वन्सं म्हणाल्या.

भास्करही पंगतीत होता. तोंड भरलेलं असल्यामुळे त्याने कोणाचीच बाजू घेतली नाही. मी खूप बोलणार होते. आखणी, दिवस, जहाज. तेवढ्यात वन्संनी माझा हात ओढून त्यात गरम हुरडा टाकला. मुलांनो, हातात गरम हुरडा असताना माणसाला फार वेळ रागावता येत नाही. तो थंड होईल अशी काळजी लागते. मी खाली बसले. आजोबा तर केव्हाच बसले होते.

संध्याकाळी मात्र हिशेब समोर आला. पाठवायच्या ट्रेपैकी निम्मे रिकामे. रानात उरलेली कणसं एक तर दाणाच न भरलेली, नाही तर निबर झालेली. सुनंदा बांधावर बसली, हातमोजे मांडीवर ठेवून. ती रडली नाही. ती म्हणाली, "मामी, मुंबईच्या साहेबांना सांगून टाकते. आपला कोपरा दुसऱ्या कोणाला द्या म्हणून." वन्सं आत गेल्या आणि त्यांनी भांडी नेहमीपेक्षा जोरात घासली. जेवताना भास्करने दोनदा आल्याचा विषय काढायला तोंड उघडलं आणि दोन्ही वेळा भाकरी मागितली.

दुसऱ्या दिवशी पहाट झाली आणि अंगणात कोणी तरी खाकरलं. कालच्या पंगतीतले एक म्हातारे उभे होते. डोक्यावर कणसांचा भारा.

"पोरी, काल लई खाल्लं," ते सुनंदाला म्हणाले. "हे घे. बांधाकडंला घरच्यापुरती लावली व्हती."

त्यांच्या मागे दुसरा भारा, मग तिसरा. कोणी सायकलवर, कोणी दुचाकीवर, एका बाईच्या तर कडेवर मूल आणि डोक्यावर कणसं. पिशोरच्या रानात आल्याचं पीक खरं, पण बहुतेकांनी बांधाच्या आतल्या अंगाला घरच्या हुरड्यापुरत्या ज्वारीच्या चार ओळी ठेवल्या होत्या. कोणी कोणाला सांगितलं नव्हतं. ज्याने खाल्लं तो घेऊन आला, इतकं साधं. वन्सं दारात पाटावर बसल्या आणि नखाने दाणे दाबत निवड करू लागल्या. "हे ठेव. हे ठेव. हे नाय, हे भाकरीला. आता हे कोणी आणलं? तूच व्हय? काल खाताना बरी कोवळी निवडत व्हतास."

सगळी गूळभेंडी नव्हती. काही दाणे टपोरे होते, काही बारीक, काहींवर जांभळट झाक. मला आधी ते खटकलं. एका पुड्यात असे नाना दाणे. मग मी शहरातल्या छापखान्याला फोन केला आणि पुड्यावरचं 'गूळभेंडी' हे नाव काढून त्या जागी फक्त 'पिशोर' घालायला सांगितलं. निर्यातदारांनाही कळवलं. ते म्हणाले, चव तीच असेल तर चालेल. त्या दिवशी तिसऱ्या प्रहरापर्यंत चोळणं चाललं होतं. ट्रे भरले. अगदी काठोकाठ नाहीत, पण भरले.

शेंद्र्याला शीतगृहात मी आणि वन्सं दोघीही गेलो. आम्हाला जाड कोट दिले. वन्संनी कोटावरून पदर घेतला. आत शिरलो तर श्वासाची वाफ दिसत होती आणि पापण्यांना टोचत होतं. हुरड्याचे ट्रे एका मोठ्या कपाटात गेले. तिथे बर्फाळ वारा इतक्या जोरात फिरतो, की दाणा न् दाणा सुटा गोठतो. वन्सं काचेतून बघत राहिल्या.

"एवढ्या गारठ्यात याला झोप लागंल का?" त्यांनी तिथल्या कामगाराला विचारलं.

"झोपच लागते, आजी. आता तव्यावर टाकल्याशिवाय उठत नाही."

वन्संना ते पटलं असावं. परतताना टेम्पोत त्या स्वतःच झोपल्या.

त्यानंतर हुरडा आमच्या हातात राहिला नाही. गार गाडीतून तो न्हावाशेवाच्या बंदरावर गेला, तिथे कंटेनरमध्ये. तो कंटेनर म्हणजे खोलीएवढा फ्रिजच. बंदरावर त्याची वायर लावतात, जहाजावर पुन्हा लावतात, आणि समुद्रभर तो घुमत राहतो. बाहेर कितीही ऊन असो, आत उणे अठरा. एकदा जरी आतलं वितळून पुन्हा गोठलं, तरी दाणा फुटतो आणि लगदा होतो. सगळा भरवसा त्या वायरीवर. आणि निर्यातदारांनी सहज सांगावं तसं सांगितलं, की आजकाल तांबड्या समुद्राकडून जाण्यात धोका आहे. हे जहाज आफ्रिकेला वळसा घालून जाईल.

आजोबांनी तुमच्या आईचा शाळेतला जगाचा नकाशा काढला आणि जेवणाच्या टेबलावर पसरला. फोनवर जहाज कुठे आहे ते कळायचं. रोज सकाळी चहाच्या आधी ते चष्मा लावून बघायचे आणि ज्वारीचा एक वाळका दाणा नकाशावर तेवढा पुढे सरकवायचे. मला टेबलावर पसारा खपत नाही. एका सकाळी मी सवयीने फडकं मारलं आणि जहाज बुडालं. आजोबा माझ्याशी दुपारपर्यंत बोलले नाहीत. मग त्यांनी डब्यातून दुसरा दाणा काढला आणि मादागास्करच्या अंमळ वर ठेवला.

वन्संचा फोन रोज संध्याकाळी. "कुठवर गेली बोट?"

"आफ्रिकेच्या कडेने चालली आहे."

"ऊन आसंल तिथं."

"असेल. आत थंड आहे, वन्सं."

"वायर कोणी उपटली तर?"

यावर मी फोन आजोबांच्या हातात द्यायचे. सुनंदा मात्र फोन करत नव्हती. एकदा मीच केला तेव्हा तिने सांगितलं, की ती आल्याच्या बेण्याचे भाव ऐकायलासुद्धा थांबत नाही, उठून आत जाते.

त्या दिवसांत मला एक वेगळीच गंमत वाटू लागली. ज्वारी मूळची आफ्रिकेची. हजारो वर्षांपूर्वी कोणाच्या तरी गाठोड्यातून, कोणत्या तरी होडीतून ती आपल्याकडे आली. पिशोरच्या काळ्या मातीत ती अशी रुजली, की आज तिला परकी म्हटलं तर वन्सं भांडायला उठतील. आणि आता तिचीच भाजलेली लेकरं त्या किनाऱ्याजवळून जात होती. माहेरच्या दारावरून जायचं आणि आत पाय टाकायचा नाही, असं. मी हे आजोबांना सांगितलं. त्यांनी नकाशावरचा दाणा बोटाने किनाऱ्याकडे किंचित ढकलला आणि म्हणाले, "घे, टेकवला."

मग दाणा वर वर सरकत तुमच्यापर्यंत आला. बंदरात तपासणी, गोदाम, आणि शेवटी एका शनिवारी तुमच्या आईने फोनवर दाखवलं: दुकानातला फ्रिज, त्यात भेंडीच्या शेजारी आमचे हिरवे पुडे. मी माझं इंग्रजी वाक्य ओळखलं. सुनंदाला आणि वन्संना त्याच फोनवर घेतलं. आई घरी पोचली तेव्हा आम्ही सगळ्या फोनमधून तुमच्या स्वयंपाकघरात बघत होतो. तव्यावर हुरडा पडला. सुटा पडला. लगदा नाही, दाणा न् दाणा वेगळा. सुनंदाने नुसतं "मामी" म्हटलं.

पुढचं तुम्हाला आठवतं. जाई, तू एक घास खाल्लास आणि अतिशय सभ्यपणे म्हणालीस, "आजी, चावायला खूप वेळ लागतो." अद्वैत, तू वास घेतलास आणि म्हणालास, "याला आमच्या कॅम्पचा वास येतो," आणि मग त्यात केचप घातलंस. वन्संनी मला हळूच विचारलं, "ते लाल काय घालतंय लेकरू?" मी सांगितलं, चटणी. ते काही फार खोटं नव्हतं.

मला क्षणभर वाईट वाटलं, हे लपवत नाही. पण कॅमेरा तसाच चालू राहिला होता आणि तुमची आई मागे दिसत होती. ती ओट्याशी उभी राहून तव्यातूनच खात होती. एका हाताने दाणे घ्यायचे, दुसऱ्या हाताच्या तळव्यावर टाकायचे, उगीचच चोळायचे, फुंकर मारायची. त्यात फोलपट नव्हतंच. तवा रिकामा झाल्यावर तिला आठवलं, की आम्ही बघतो आहोत.

"संपला," ती म्हणाली. "मी उद्या अजून आणते."

दुसऱ्या दिवशी दुकानात एकही पुडा नव्हता. दुकान चालवणाऱ्या बाई सुरिनामच्या; त्यांचे पणजोबा-खापरपणजोबा भारतातून तिकडे गेलेले. त्यांना हुरडा ठाऊक नव्हता. त्यांनी तुमच्या आईला सांगितलं, की सुदानचे एक गृहस्थ दूध घ्यायला आले होते. पुड्यावरचं चित्र बघून थांबले, एक पुडा घेऊन गेले आणि तासाभरात मुलाबाळांसकट परत आले. म्हणाले, हे आमचं धान्य आहे, आमच्याकडेही कोवळी कणसं विस्तवात भाजतात, आईच्या घरून निघाल्यापासून खाल्लं नव्हतं. सगळे पुडे घेतले. परत कधी येणार, असं विचारून गेले, आणि त्यांच्या ओळखीचे लोक अजून विचारत असतात.

मी हे वन्संना सांगितलं, तेव्हा त्या म्हणाल्या, "त्यांच्यात चोळून कोण देतं? बाया का बाप्ये?" मला माहीत नव्हतं. अजून नाही. तुमच्या आईने विचारून घ्यावं.

उन्हाळ्याच्या तोंडाला मुंबईहून फोन आला. पुढच्या हंगामात जास्त जागा देतो, किती देऊ शकाल. भास्करने आल्याचं बेणं आणलं, कारण तो शब्दाचा पक्का आहे आणि आल्याची हौसही आहे. पण ते त्याने नाल्याकडच्या रानात लावलं. विहिरीकडचा तुकडा सुनंदाचा राहिला, आणि त्याला लागून असलेला दुसराही तिने घेतला. बी पुरेना तेव्हा वन्संनी राखेचं मडकं पार तळापर्यंत रिकामं केलं, आणि पहिल्यांदाच मला त्याचा तळ दिसला.

परवा आम्ही पिशोरला जाऊन आलो. कणसं भरली आहेत. दव असेपर्यंत ज्वारीची ताटं, म्हणजे धांडे, वाकलेली असतात, ऊन आलं की सरळ होतात. रानाच्या मधोमध पाखरं राखायचा माळा बांधला आहे, आणि त्यावर सुनंदा उभी होती, हातात गोफण, कंबरेला खोचलेला पदर, आणि खांद्याने कानाशी दाबलेला फोन. पलीकडे मुंबईचे साहेब. गोफणीसाठी हात मोकळा हवा म्हणून तिने फोन स्पीकरवर टाकून फळीवर ठेवला, त्यामुळे खाली बांधावर आम्हालाही सगळं ऐकू येत होतं.

"मॅडम, या वेळी पण आधी नमुना पाठवा," साहेब म्हणत होते. "मग आपण जागेचं नक्की करू."

"पाठवते की, साहेब. तुम्ही जागा धरून ठेवा, मी..." तिने एकदम वळून गोफण फिरवली आणि असा आवाज काढला, की तुमच्या आजोबांच्या हातून चहा सांडला. ज्वारीतून पोपटांचा हिरवागार थवा उठला, विहिरीवरून वळला आणि दुसऱ्या टोकाला जाऊन पुन्हा कणसांवर बसला.

"मॅडम? काय झालं? कोण आलंय तिकडं?"

"गिऱ्हाईकच हाय, साहेब," सुनंदा पुढचा खडा गोफणीत घालत म्हणाली. "तुमच्यावानी आधी नमुना मागत नाय. थेट खायलाच बसतं."